मला शॉक लागत नाही

घरात काही बिघडलं की आमच्या घरमालकांचा चेहरा उजळायचा. पाहुणे आले, सण आला, मुलीचा परगावाहून फोन आला तरी जे मान वर करत नसत, ते मिक्सरमधून जळका वास आल्याबरोबर चष्मा कपाळावर चढवून उठायचे. "कोणी हात लावू नका," असं म्हणत तो वास दीर्घ ओढून घ्यायचे आणि आत काय जळालं असेल ते डोळे मिटून सांगायचे. बहुतेक वेळा ते बरोबर निघायचं. सुभानपुऱ्यातली आमची गल्ली त्यांना काका म्हणायची. गुजराती शेजारीही काकाच म्हणायचे. मीही म्हणायचे, कारण त्यांच्या घराची वरची खोली माझ्याकडे भाड्याने होती आणि बडोद्यात मला दुसरं कोणी नव्हतं.

कोयलीच्या बाजूला एका कारखान्यात मोजमापाची उपकरणं सांभाळण्यात त्यांची सगळी नोकरी झाली होती. निवृत्त झाल्यावर त्यांनी दिवाणखान्यातला सोफा काढून टाकला आणि तिथे कामाचं टेबल आणलं. आलेल्या माणसाला बसायला मेलेल्या इन्व्हर्टरचे दोन खोके होते. घरभर सोल्डरिंगच्या राळेचा वास असायचा. लोणच्याच्या रिकाम्या बरण्यांमध्ये आकारानुसार स्क्रू भरलेले, आणि त्या बरण्या देवांच्या फोटोंपेक्षा जास्त पुसलेल्या.

त्यांचं एक वाक्य गल्लीत सगळ्यांना पाठ होतं. "लक्षण सांगा, निदान नको."

समोरच्या कोकिळाबेन एकदा पंखा घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "काका, आनी मोटर बळी गई छे."

"मोटर जळली हे तुम्हीच ठरवलंत? मग दुरुस्तही तुम्हीच करा."

"अरे काका."

"काय होतंय ते सांगा. फक्त काय होतंय."

"अवाज आवे छे, पण फरतुं नथी."

"हां. आवाज येतो, फिरत नाही. हे लक्षण. ठेवा इथे."

ते पैसे घेत नसत. कोणी देऊ केले तर त्यांना ते अपमानासारखं लागे. त्यांची फी म्हणजे भाषण. वस्तू घेऊन येणाऱ्याने उभं राहून ऐकायचं, की कंपन्या आता वस्तू कशा मुद्दाम गोंदाने चिकटवतात, उघडताच येऊ नयेत म्हणून कसे चमत्कारिक खाचांचे स्क्रू लावतात, आणि आपण मुकाट्याने जुनं फेकून नवं कसं आणतो. "ज्या वस्तूला स्क्रू नाही, ती वस्तू तुमची नाही," असं ते म्हणत.

मी पत्रकांवर वाढलेली मुलगी. इचलकरंजीला माझे वडील यंत्रमागावर काम करायचे आणि उरलेल्या वेळात पत्रकं लिहायचे. मला अक्षरओळख झाली ती त्या पत्रकांवरच. आमच्या घरात शाई कधी वाळली नाही आणि आवाज कधी खाली आला नाही. त्यामुळे काकांचं ते वाक्य ऐकल्यावर मला घरी आल्यासारखं वाटलं. मी वर गेले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. दुरुस्तीचा हक्क, कंपन्यांची लूट, आणि सगळ्यात वर मोठ्या अक्षरांत काकांचं स्क्रूचं वाक्य. युनिव्हर्सिटीच्या फाटकाबाहेर उभी राहून त्याच्या प्रती वाटल्या. काकांनी एक प्रत टेबलाच्या वर भिंतीला चिकटवली. तेव्हापासून ते मला पत्रकवाली म्हणू लागले.

काकूंनी पत्रक पदराला हात पुसून हातात घेतलं आणि उभ्याने सगळं वाचलं.

"छान लिहिलंस," त्या म्हणाल्या. "आमच्या घरात स्क्रूच स्क्रू आहेत. केर काढताना पायात जातात."

मी हसले. काकू हसल्या नव्हत्या, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

त्या घरात प्रत्येक वस्तू चालत होती आणि एकही सरळ चालत नव्हती. फ्रीज उघडायला दार आधी वर उचलावं लागे. टीव्ही लावण्यापूर्वी पंखा बंद करावा लागे. टाकी भरली की एक भोंगा वाजे, आणि तो थांबवण्यासाठी गच्चीवर जावं लागे. काकांना या सगळ्याचा अभिमान होता. या सगळ्याच्या मागे दिवसभर धावायच्या त्या काकू.

कुकरच्या शिट्ट्या मोजणारं एक यंत्र त्यांनी केलं होतं. ओट्याच्या वर एक छोटा माइक, तीन शिट्ट्या झाल्या की बझर. पण गल्लीतून कुल्फीवाला गेला की यंत्र त्याचीही शिट्टी मोजायचं. काकू सांगायच्या, "अहो, अजून एकच झाली आहे." काका टेबलावरून ओरडायचे, "यंत्र तीन म्हणतंय. उतरव." त्या उतरवायच्या. मग आम्ही सगळे कच्चा भात खायचो आणि काका म्हणायचे की असा मोकळा भात काकूंना इतक्या वर्षांत जमला नव्हता. मला तेव्हा ते विनोदी वाटायचं. पाहुण्यांना मी तो किस्सा रंगवून सांगायचे.

जिन्यातल्या दिव्याचंही तसंच. माणूस आला की आपोआप लागणारा दिवा त्यांनी बसवला होता. काका उंच. त्याचा सेन्सरचा डोळा त्यांनी लावला तो स्वतः जिन्यात उभे राहून, स्वतःच्या छातीच्या उंचीवर. त्यांना बघून दिवा लगेच लागायचा. काकू ठेंगण्या, जिना चढताना वाकून चढायच्या. दिव्याला त्या दिसायच्याच नाहीत. वाळवणाचं ताट एका हातात धरून त्या दुसरा हात डोक्यावर हलवत चढायच्या, जसं काही वरच्या मजल्यावरच्या कोणाला बोलावताहेत. मी काकांना एकदा म्हटलं की डोळा खाली घ्या. ते म्हणाले, "माझ्या वेळी बरोबर लागतो. तिला हात वर करायला काय होतं? व्यायाम आहे."

आणि तरीही ते नियमाचे होते, हे सांगायला हवं. कोकिळाबेनच्या जावयाने एकदा उडालेल्या फ्यूजमध्ये जाड तार पिळून घातली, तर काकांनी त्याला भर गल्लीत फैलावर घेतलं. "संरक्षण काढून टाकणारा माणूस गुन्हेगार असतो. आग लागली तर तू इथे नसशील, पण तुझी सासू असेल." जावई मोठ्या पगारावर होता, गाडीतून आला होता. मान खाली घालून ऐकत राहिला. त्या दिवशी मला वाटलं, असा एक माणूस प्रत्येक गल्लीत असायला हवा.

दिवाळी झाली आणि काकूंच्या हाताला झिणझिण्या यायला लागल्या.

सकाळी स्वयंपाकघरात काम करताना उजव्या हातात कळ यायची, कोपरापर्यंत. कधी भांडं सुटायचं. काकूंच्या आईला अर्धांगवायू झाला होता आणि त्याची सुरुवातही हाताच्या झिणझिण्यांनी झाली होती. शेवटची काही वर्षं काकूंनीच आईचं सगळं केलेलं. त्यामुळे त्या घाबरल्या होत्या. बोलायच्या नाहीत, पण भाजी चिरता चिरता मधेच हाताची मूठ मिटून उघडून बघायच्या. मला एकदा म्हणाल्या, "मी पडले तर माझं करायला कोण आहे? यांना तर मी हाक मारली तरी ऐकू येत नाही, पण रेडिओतली खरखर ऐकू येते."

त्यांना एकदा असंही वाटलं होतं की झिणझिण्या नळाला हात लावला की येतात. तसं त्यांनी काकांना सांगितलं. काका आले, नळाला हाताची मागची बाजू लावली आणि म्हणाले, "मला शॉक लागत नाही." कोकिळाबेन तिथेच होत्या. त्या म्हणाल्या, "टेस्टर लगाडो ने, काका." काका म्हणाले, टेस्टर हे खेळणं आहे, ते खोटं बोलतं, शहाणा माणूस त्यावर विश्वास ठेवत नाही. मग त्यांनीच काकूंना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं आणि बी-ट्वेल्व्हच्या गोळ्या दिल्या. काकू सगळा हिवाळा त्या गोळ्या घेत होत्या. ओट्याजवळ त्यांनी बसायचा लाकडी पाट ठेवला. त्यावर उभं राहिलं की बरं वाटतं, असं त्या म्हणायच्या. का बरं वाटतं ते त्यांना कळत नव्हतं, आणि मलाही नाही.

त्याच दिवसांत काका एका नव्या यंत्रामागे होते. घरातली वीज वाटेत कुठे निसटते का, हे सुईवर दाखवणारं यंत्र. असं यंत्र प्रत्येक घरात हवं, असं ते म्हणत. मी एका सकाळी भाडं द्यायला खाली गेले तर त्यांनी मला टेबलाजवळ ओढून नेलं.

"बघ पत्रकवाली, सुई बघ. स्थिर आहे ना? थांब. थांब जरा. आता बघ."

सुई झटक्याने उजवीकडे गेली. आत स्वयंपाकघरात पातेलं पडल्याचा आवाज झाला.

"काय पडलं?" मी विचारलं.

"काही नाही गं," आतून काकू म्हणाल्या. "माझा हात."

काका सुईकडे बघत होते. "किती चपळ आहे बघितलंस?" ते म्हणाले.

आणि मग मार्चमधली ती दुपार. काकूंनी मला चहाला बोलावलं होतं. कपडे धुण्यासाठी पाणी तापत होतं. काकूंच्या स्वयंपाकघरात देव आहेत, त्यामुळे तिथे कोणी चपला घालून जात नाही. अपवाद एकट्या काकांचा. त्यांच्या पायात कामाच्या जाड रबरी चपला असायच्या आणि त्यावरून घरात रोज वाद व्हायचा. "देवांना काही होत नाही," ते म्हणायचे आणि तसेच आत जायचे. मी मात्र चपला बाहेर काढल्या, चहा प्यायले आणि कप धुवायला उठले. फरशी ओली होती. नळाला हात लावला आणि कोणीतरी कोपरावर काठी मारावी तसा हात झटकला गेला. कप फुटला.

"काकू," मी म्हटलं, "हा तुमचा आजार नाही. नळात करंट आहे."

त्या म्हणाल्या, "परत लाव बरं."

"काय?"

"परत लाव. एकदाच."

मी लावला. परत तेच. मी ओरडले. काकू मटकन पाटावर बसल्या आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, की रडायला, मला सांगता येणार नाही. "म्हणजे आईसारखं नाही," त्या म्हणाल्या. "मी ठीक आहे. म्हणजे मी ठीकच आहे."

मी काकांना हाक मारली. ते आले. दारात कोकिळाबेनही आपला मिक्सर घेऊन आल्या होत्या, त्या तिथेच थांबल्या.

"नळात करंट आहे," मी म्हटलं.

"लक्षण सांग, निदान नको."

"हात लावला की कोपरापर्यंत झटका बसतो. मला बसला. दोनदा."

काका चपलांसकट आत आले, हाताची मागची बाजू नळाला लावली आणि म्हणाले, "मला शॉक लागत नाही."

"चपला काढा," काकू म्हणाल्या.

"काय?"

"चपला काढून लावा. मी लावते तसा."

काका हसले. कोकिळाबेनकडे बघून हसले, माझ्याकडे बघून हसले. एक पाय त्यांनी चपलेतून बाहेर काढला. ओल्या फरशीवर टेकवणार, तेवढ्यात थांबले. तो पाय तसाच हवेत धरून त्यांनी न्हाणीघराच्या दाराकडे पाहिलं आणि विचारलं, "गीझर चालू आहे का?"



"गीझरचं कोण बोललं?" काकू म्हणाल्या.

पाय परत चपलेत गेला.

मग त्यांनी सांगितलं. न लाजता, न घाबरता. मला सर्किट समजावून सांगायचे त्याच सुरात. दिवाळीतच गीझरचं आतलं एलिमेंट फुटलं होतं. निसटलेली वीज जमिनीत नेणारी अर्थिंगची वायर गंजून तुटलेली. घरातले पाइप जुने लोखंडी, त्यामुळे गीझर चालू असला की वीज स्वयंपाकघरातल्या नळापर्यंत यायची. अशी गळती झाली की वीज तोडणारा ब्रेकर घरात होता, तो सारखा पडायला लागला, म्हणून त्यांनी तो काढून सरळ वायर जोडली होती.

"मग दुरुस्त का नाही केलंत?" मी विचारलं.

"यंत्र तपासायचं कशावर?" ते म्हणाले. त्यांना प्रश्नच विचित्र वाटला होता. "खोटी गळती तयार करता येते, पण ती एकसारखी असते. ही खरी होती. कमी-जास्त होणारी. अशी मिळत नाही. पावसाळ्याच्या आत मी काढणारच होतो."

"काका, त्यांना शॉक बसत होता."

"किरकोळ. मी रोज मोजत होतो. तेवढ्याने माणूस मरत नाही."

"म्हणजे लागत होता," काकू म्हणाल्या.

"थोडा."

"आणि ते डॉक्टर? त्या गोळ्या?"

काका म्हणाले, "बी-ट्वेल्व्ह तसंही सगळ्यांना कमीच असतं."

मी तोंड उघडलं. वडिलांच्या सगळ्या पत्रकांतले शब्द एकदम घशाशी आले होते. संरक्षण काढणारा गुन्हेगार असतो, हे तुम्हीच म्हणाला होतात, असं काहीतरी मी सुरू केलं. आवाज चढला. काका शांतपणे म्हणाले, "पत्रकवाली, तू भाडेकरू आहेस. वर जा."

मी ऐकणार नव्हते. पण काकूंनी माझ्या दंडावर हात ठेवला. "तू थांब गं. हे माझं आहे."

त्या उठल्या, पॅसेजमध्ये गेल्या आणि मेन स्विच खाली ओढला. पंखा थांबला, फ्रीज थांबला, टेबलावरचे सगळे लाल हिरवे दिवे विझले. ते घर पहिल्यांदाच गप्प झालेलं मी ऐकलं.

"कोकिळाबेन," त्या म्हणाल्या, "तुमच्याकडे येतो त्या वायरमनला फोन करा."

काकांचा चेहरा तेव्हा मात्र बदलला. "बाहेरचा माणूस? या घरात? अगं, अर्ध्या तासाचं काम आहे, मी करतो."

"दिवाळीपासून तो अर्धा तास तुमच्याकडे होता," काकू म्हणाल्या.

वायरमन आला. काका तेवढा वेळ बाहेर ओट्यावर भिंतीकडे तोंड करून बसले होते. गल्लीतली माणसं येता जाता बघत होती, की काकांच्या दारात दुसऱ्याच्या हत्यारांची पिशवी कशी. वायरमनने गीझर उतरवला, नवीन ब्रेकर आणला, अर्थिंग टाकलं. काकूंनी काम संपेपर्यंत पाटावर बसून पाहिलं आणि मग उठून, अनवाणी पायांनी, नळ धुऊन काढला.

मला वाटलं होतं की आता गल्ली त्यांना जाब विचारेल. मी तशी तयारीही केली होती. माझा समज होता की सत्य एकदा उघड झालं की माणसं बाजू घेतात. कोकिळाबेननी जे पाहिलं ते चार घरी सांगितलं, आणि चारही घरांतून एकच उत्तर आलं. "काका तो देवमाणस छे. भूल थई जाय." आठवड्याच्या आत मेलेल्या इन्व्हर्टरच्या खोक्यांवर परत माणसं बसलेली दिसू लागली. पुढच्या वेळी कोकिळाबेन स्वतः इस्त्री घेऊन आल्या. मी त्यांना जिन्यात गाठलं. त्या म्हणाल्या, "बेटा, एमनो स्वभाव छे. मफत करे छे ने." फुकट करतात. एका बाईला सगळा हिवाळा झटके बसत होते आणि हा माणूस ते मोजत होता, तरी हा स्वभाव. चूक म्हणजे जे नकळत होतं ते. हे कळून केलेलं होतं, रोज सकाळी, सुईकडे बघत. ज्याला आपण देवमाणूस म्हणतो त्याच्या घरातली बाई काय म्हणते, हे एकदा तरी विचारावं, इतकी साधी मागणी आहे माझी. ती मी पत्रकातही लिहिली असती, पण काकूंनी नको म्हटलं.

खोली सोडताना मी भिंतीवरचं माझं पत्रक काढायला गेले. काका टेबलावरून म्हणाले, "राहू दे. वाक्य माझं आहे." त्यांच्या आवाजात राग नव्हता. मी तरीही काढलं. गोंद चांगला होता, अर्धं भिंतीवर राहिलं.

आता मी बडोद्यातच, अकोट्याला राहते. अधूनमधून काकूंसाठी जाते. मागच्या हिवाळ्यात गेले तर त्या काळा चष्मा लावून बसल्या होत्या. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. कोकिळाबेनच त्यांना घेऊन गेल्या होत्या, तपासणीलाही आणि ऑपरेशनलाही.

काका टेबलाशी होते. मला बघून त्यांनी गाऱ्हाणं मांडलं. त्यांचं दुःख खरं होतं, हेही मी लिहून ठेवते.

"मला घरी आल्यावर कळलं. डोळ्याला पट्टी बघून. इतके महिने हिला धूसर दिसत होतं, एका शब्दाने बोलली नाही. सगळी गल्ली माझ्याकडे येऊन सांगते, आणि घरातलं माणूस लक्षणसुद्धा सांगत नाही. का, ते तरी विचार तिला."

मी काकूंकडे पाहिलं. त्या हाताने चाचपत चहाचा कप माझ्यापुढे सरकवत होत्या.

"कशाला सांगायचं?" त्या म्हणाल्या. "त्यांना नीट दिसतं."